देवाची शिशी, मालकाची गोळी

बुधवार, मार्गशीर्ष वद्य सप्तमी, शके १८६३

ही वही हिंगोलीच्या डाक्टरानं दिली. म्हणला, बाई, गोळी कवा दिली, फेफरं कवा आलं, पोटात काय काय गेलं, समदं लिहायचं अन् दोन महिन्यांनी मला आणून दाखवायचं. मला रोज लिहायला सवड कुठली. पण गावात लिहिणाऱ्या बाया दोनच, एक मी अन् दुसरी मेली. माहेरी कळमनुरीला भावाला शिकवायला पंतोजी येत, मी जातं ओढत ओढत अक्षरं उचलली. तेवढ्यावर भागवायचं.

मालकाला दिवाळीपास्नं तीनदा फेफरं आलं. तिसऱ्या खेपेला चुलीपाशी पडले, कोपर भाजलं, जीभ चावली गेली. रामकिशन भाऊजी म्हणले, देवाचा कोप. मी म्हणलं, देव आपल्याच झाडाला काहून पाडंल? छकडा जुंपायला लावला अन् औंढ्याहून मोटार धरली.

झाड म्हणजे ज्याच्या अंगात देव येतो तो माणूस. शिवेवरला म्हसोबा आमच्या मालकाच्या अंगात येतो. आधी सासऱ्याच्या येत होता. सासरे गेल्यापास्नं मालकाच्या, बावीस वर्षं झाली.

डाक्टरानं डोळे पाहिले, पोट दाबलं अन् विचारलं, "सटवाजी, दारू पिता का?"

"न्हाई," मालक म्हणले.

मीबी म्हणलं, न्हाई. खोटं कशाला बोलू? मालकानं कधी घोट घेतला न्हाई. अवसेला देव पितो. मंगळवारी-रविवारी कोणी गाऱ्हाणं घेऊन आलं तर तवाबी देवच पितो. पुरी शिशी पितो, अन् देव गेला की मालक सरळ पाय टाकत घरी येतात, बैलाला कडबा टाकतात. मालक पिले असते तर नालीत पडले नसते का? गावाला याहून दुसरा पुरावा लागत न्हाई. मलाबी न्हाई.

डाक्टर म्हणला, "बरं. ही गोळी सकाळी एक, संध्याकाळी एक. एकही दिवस चुकवायची नाही. एकदम बंद केली तर फेफरं दुप्पट जोरानं येईल. आणि दारू थेंबभर नको. ही गोळी मेंदूला झोपवते, दारूही झोपवते. दोघी एकत्र आल्या की माणूस श्वास घ्यायचाच विसरतो."

कंपाउंडर मागून वरडला, "समझे ना बाई? दारू बिलकुल बंद."

मी म्हणलं, जे आमच्या घरात हायच न्हाई ते बंद काय करायचं.

मंगळवार, वद्य त्रयोदशी

पानाच्या मधोमध रेघ मारली. एका बाजूला मालक, दुसऱ्या बाजूला देव. समदं लिही म्हणला तर समदं लिहायचं.

मालक: गोळ्या दोन. भाकर दीड, अंबाडीची भाजी, ताक.

देव: मोहाची एक शिशी. एक जण म्हशीचं गाऱ्हाणं घेऊन आला होता, त्यानं आणली.

फेफरं न्हाई. गोळी गुणाची हाय. पण आज देव गेल्यावर मालक चौकटीला धडकले. असं कधी झालं न्हाई. देव गेला की झाडानं लिंबाचा पाला चघळून तोंड शुद्ध करायचं असतं. पाला दिला, तर तो तोंडात धरूनच झोपले. हिरवा थेंब हनुवटीवरून गळ्यापतोर आला. मी पुसला तरी जाग न्हाई.

मला वाटतं देव पुरता जाऊन राहिला न्हाई. जाताना थोडा मागं ठेवून जातो.

शुक्रवार, पौष शुद्ध प्रतिपदा

काल अवस झाली. दिवस कलायच्या आत देव आला. दोन शिशा पिला, दोन गाऱ्हाणी सोडवली अन् तिसऱ्याला बसल्या जागी मान टाकली. रामकिशन भाऊजी मालकाचे चुलतभाऊ, देवाचा समदा कारभार त्यांच्याकडं. ते लोकांना म्हणले, देव ध्यानात गेला. लोकांनी हात जोडले.

आज दुपार झाली तरी मालक उठले न्हाईत. मी उशाशी बसून तूर निवडायला घेतली. घरात आवाज म्हणजे श्वासाचा. आत जाताना घशात घरघर, बाहेर आला की गप. मंग काहीच न्हाई. मी एक खडा काढला. दुसरा काढला. सातवा काढला तवा पुढला श्वास आला. मी सूप खाली ठेवून मोजू लागले. नऊ. मंग अकरा. ओठ जांभळाच्या रंगाचे झालेले. अकराच्या पुढं मला वाटलं, या घरात आता मी एकटीच हाय. बाहेर चांगलं ऊन होतं, कोंबड्या फिरून राहिल्या होत्या, अन् माझ्या अंगावर काटा आला. मंग आतून कोणीतरी दार ढकलावं तसा श्वास आला.

उठल्यावर म्हणले, "मी कुठं होतो?"

"इथंच."

"न्हाई," म्हणले.

मंगळवार, पौष शुद्ध द्वादशी

तांड्यावरली पारुबाई कापूस वेचायला आली. माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तोंड माझ्याहून फाटकं, म्हणून आमचं पटतं. पाणी प्यायला ओसरीत आली, तिथं निजलेल्या मालकाकडं पाहून म्हणली, "शालूबाई, दिवसाढवळ्या पिऊन पडला का गं तुझा धनी?"

"मालक पीत न्हाईत. देव पितो."

"मंग वास देवाच्या दगडाला यायला पाहिजे. तुझ्या ओसरीत काहून येऊन राहिला?"

"तुमच्या तांड्यावर देवाला दूध पाजता का?"

"देवाचं देवाच्या पायापाशी ओततो. मातीत जातंय. तुमी माणसाच्या नरड्यात ओतता अन् नाव देवाचं सांगता. लई हुशार लोक बाई तुमी!"

मी म्हणलं, गुमान कापूस वेच. वेचला तिनं. पण जाताना वाकून मालकाच्या घोट्याला अंगठा दाबला. खड्डा पडला, तो भरंना.

"माझ्या दिराचं, भावसिंगाचं, असंच झालं होतं," म्हणली. "पाय पाण्यानं भरले, डोळे पिवळे झाले. दारूनंच गेला. त्याच्या अंगात तर कोणीच येत नव्हतं."

ती गेल्यावर मी मालकाची पापणी वर करून पाहिली. हळदीवानी पिवळं. बुबुळ माझ्याकडं फिरलं, पण पाहिलं न्हाई.

सोमवार, पौष वद्य दशमी

आज देव वार नसताना आला. ना डफ, ना धूप. मी भाकर थापत होते. मागून आवाज आला, "बाई, माझं आण."

आवाज देवाचाच. पण जाड झालेला, विहिरीतल्या पाण्याखालून यावा तसा.

मी म्हणलं, "देवा, आज सोमवार हाय. तुझा वार न्हाई."

"आण."

"घरात न्हाई. अन् काहून सारखं येऊन राहिला? मालकाला शेतात जायचंय."

देव मालकाच्या डोळ्यानं माझ्याकडं पाहत बसला. मालकाचे हात थरथर कापून राहिले, दातावर दात वाजत होते, कपाळावरून घाम गळत होता, ऐन पौषात. मला कळंना कोणाला जेवायला वाढू. दोन ताटं मांडली, एक मालकाचं, एक देवाचं. एकालाबी हात लागला न्हाई. मंग तो भिंतीवरून काहीतरी वेचू लागला. चिमटीत धरायचा, खाली टाकायचा. भिंतीवर काही नव्हतं. मी लई निरखून पाहिलं.

रामकिशन भाऊजींनी पळत जाऊन कलालाकडून शिशी आणली. ती पोटात गेली अन् हात थांबले. भाऊजी म्हणले, "पाहा वैनी, देवाला तहान लागली होती."

पाहिलं की. मी डोळ्यानं पाहिलं.

देव: एक शिशी. मालक: सांजची गोळी, बराबर वेळेवर.

शनिवार, माघ शुद्ध प्रतिपदा

काल अवस झाली. देव: दोन. मालक: दोन. आज श्वास चौदापतोर गेला. यापुढं लिहायचं न्हाई मला.

गुरुवार, माघ शुद्ध त्रयोदशी

आज मालक मालकासारखे होते. गाऱ्हाणंवाला कोणी आला न्हाई, पण भाऊजी आता वार नसला तरी पाजतात, सकाळी देवाच्या नावानं अर्धी शिशी तेवढी पाजली. मालक ओसरीत उन्हाला बसले. मी शेंगा फोडत होते.

"ऐकलं का," म्हणले. "तो येतो तवा मला बाजूला सरकावं लागतं. आधी उंबऱ्याशी थांबायचो. तो गेला की लगेच आत. आता लई लांब जावं लागतं. मागल्या अवसेला माघारी येताना वाटच दिसंना."

"अंधार होता का?"

"अंधार न्हाई. उजेडबी न्हाई. तिथं कायच न्हाई."

"मी उशाशीच होते. उठा, उठा म्हणून वरडत होते."

"ते ऐकू आलं. पण उठा कोणाला म्हणून राहिलीस ते कळंना."

शेंगा तशाच राहिल्या. मालक तसे भित्रे न्हाईत. एकदा वाघराच्या मागं काठी घेऊन धावले होते. आज माझा पदर धरून बसले, लहान लेकरावानी, अन् म्हणले, "येत्या अवसेला मला जाऊ देऊ नको."

मी म्हणलं, "गोळी चालू हाय ना? डाक्टर म्हणला तसं समदं चालू हाय. उगं डोकं खाऊ नका."

दुसरं काय म्हणणार. गावाच्या देवाला मी कशी अडवू? पण जीव गलबलून राहिला. मालकाला वाचवायचं तर माझ्या हातात ती गोळीच हाय. ती मी चुकवणार न्हाई.

शनिवार, माघ वद्य चतुर्दशी

भाऊजी आले. "वैनी, गोळी बंद करा. गोळीनं देव पेंगून राहिलाय. मागल्या अवसेला गाऱ्हाणं ऐकता ऐकता घोरला. लोक हसले."

"हसू द्या. डाक्टर म्हणला, एक दिवस चुकली तर फेफरं दुप्पट."

"डाक्टरला देव कळतो का?"

"अन् तुमाला फेफरं कळतं का? देव गावाचा हाय, नवरा माझा हाय."

"एक अवस तेवढी..."

"एकबी न्हाई."

गेले. सांजेला पाहते तर फडताळातली गोळ्यांची डबी गायब. मी भाऊजींच्या दारात उभी राहिले अन् माझं असं तोंड सुटलं की दोन गल्ल्या गोळा झाल्या. त्यांच्या बायकोनंच डबी आणून माझ्या हातात दिली, म्हणली, घे बाई, अन् आमाला झोपू दे. पण तवर मालक झोपले होते. सांजची गोळी चुकली.

रविवार, माघ अवस

कालची चुकलेली एक अन् आजची एक, दोन गोळ्या गुळात घालून दिल्या. भाऊजी दारातच बसून होते, त्यांना वाटलं नुसता गूळ. मंग इचार केला, सांजची देवाच्या गडबडीत राहून जाईल. तीबी आत्ताच देऊन टाकली. तीन झाल्या. आता देव किती का पिईना, मालकाच्या अंगात आधार राहील. डाक्टरला वही दाखवीन तवा म्हणंल, बाई, एकबी चुकवली न्हाईस.

मालक म्हणले, "हाय का ध्यानात?"

"हाय."

डफ वाजून राहिलाय. जाते.

बुधवार, फाल्गुन शुद्ध तृतीया, हिंगोली

दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून लिहून राहिले.

रविवारी देवानं दोन शिशा घेतल्या. दुसरी संपली अन् तो दगडापुढं बसला. कोणी गाऱ्हाणं सांगू लागलं. देव ऐकून राहिला, ऐकून राहिला, अन् तसाच पुढं भंडाऱ्यात तोंडावर पडला. भाऊजी म्हणले, देव ध्यानात गेला. लोकांनी हात जोडले. मी मालकाच्या नाकाशी कान नेला. मोजलं. वीस. वीसच्या पुढं मला मोजता आलं न्हाई.

पारुबाई गर्दीत होती. एकटी तीच पुढं आली. "शाले, मोजतीस काय रांडं, उचल!" म्हणली. आमी दोघींनी ओढत छकड्यात टाकलं. भाऊजी आडवे आले, देव अंगात असताना झाडाला हलवू नये म्हणले. पारुबाईनं त्यांच्या अंगावर बैल घातले. औंढ्याला शिवरातीच्या जत्रेच्या मोटारी अजून उभ्या होत्या, म्हणून मोटार मिळाली. वाटंनं मी मालकाच्या गालात मारत होते. लग्नापास्नं कधी हात उगारला न्हाई. दोन्ही गाल सुजवले.

डाक्टरानं सुई टोचली. कंपाउंडर मालकाचे हात वर न्यायचा, मंग छातीवर दाबायचा, वर न्यायचा, दाबायचा. त्याच्या जोरावर वारा आत जाऊन राहिला, बाहेर येऊन राहिला. मालक स्वतःहून काहीच करत नव्हते.

"काय दिलं यांना? किती?" डाक्टरानं विचारलं.

मी वही दिली. त्यासाठीच तर होती. तो उभ्यानं वाचू लागला. मंग स्टुलावर बसला.

"बाई, हा देव कोण?"

"म्हसोबा."

"दोन दोन शिशा पितो तो?"

"व्हय. मालकानं थेंब घेतला न्हाई. लिहिलंय ना, पाहा की. या बाजूला गोळ्या, त्या बाजूला दारू. मी कुठं मिसळू दिलं न्हाई."

"कोणत्या तोंडानं पितो?"

"मालकाच्या."

"मग जाते कुठं?"

मी वहीकडं पाहिलं. रेघेकडं पाहिलं. माझीच रेघ, चांगली सरळ मारलेली.

तो वरडला असता तर बरं झालं असतं. हळू आवाजात सांगत बसला. बावीस वर्षांच्या दारूनं कलेजा नासला. गोळीचं औषध काम झालं की अंगातून काढायचं काम कलेज्याचं, ते होईना. औषध आत साठत गेलं. वरून दारू. वर परत तीन गोळ्या एका दमात. अन् सवयीची दारू एखाद्या दिवशी मिळाली न्हाई तर हात कापतात, भिंतीवर किडे दिसतात, फेफरंसुद्धा येतं. "तुम्ही तेव्हा सांगितलं असतं तर मी वेगळं औषध दिलं असतं."

"तुमी विचारलं तवा मी खरंच सांगितलं," मी म्हणलं.

"हो," तो म्हणला. अन् वही माझ्या मांडीवर ठेवली.

तीन दिवस झाले. कंपाउंडरला आता हात लावावा लागत न्हाई, श्वास आपला आपण येतो. डोळे मिटलेलेच हायेत.

शुक्रवार, फाल्गुन शुद्ध पंचमी, हिंगोली

सकाळी डोळे उघडले. छताकडं पाहिलं, मंग खिडकीकडं, मंग माझ्याकडं.

"शालू," म्हणले.

माझ्या हातातला तांब्या पडला. लग्नाला एकतीस वर्षं झाली. मालकानं माझं नाव कधी तोंडातून काढलं न्हाई, "ऐकलं का" म्हणतात. देव "बाई" म्हणतो. शालू म्हणणारी माझी माय होती, तिला जाऊन दहा वर्षं झाली.

"कोण हाय?" मी विचारलं.

हसले. मालक असे हसत न्हाईत, त्यांचं हसू एका बाजूला येतं. "पाणी," म्हणले.

कोणी का असंना, पाणी मागितलं तर पाजायचं. पाजलं.

डाक्टर म्हणला, श्वास फार वेळ कमी पडला, डोक्यातलं जे गेलं ते परत येईल का सांगता येत नाही. औषध बदललं. ते निम्मंच द्यायचं, अन् रोज. मी विचारलं, "जीव वाचला ना?" तो म्हणला, वाचला. मी परत विचारलं, "कोणाचा?" त्यानं माझ्याकडं पाहिलं अन् पुढल्या खाटेकडं गेला.

सोमवार, फाल्गुन अवस

घरी येऊन पंधरा दिवस झाले. नुसतं एका जागी बसून राहतात. बैल ओळखत न्हाईत. बैलबी ओळखत न्हाईत, जवळ गेले की दावं ताणतात. पायाची सूज उतरली. वाढलं तेवढं खातात अन् हात जोडतात, पाहुण्यानं जोडावे तसे.

आज दिवस कलताना भाऊजी डफवाला अन् शिशी घेऊन आले. मागं वीस-पंचवीस माणसं. मी दारात आडवी उभी राहिले.

"वैनी, अवस हाय. झाडाला बाहेर येऊ द्या."

"देव घरी न्हाई."

"असं बोलू नये. मंग सटवाजीला तरी पाठवा."

"तेबी घरी न्हाईत. आत हाय ते तिसरंच कोणी हाय. ते पीत न्हाई."

"देव तहानेला ठेवता का? गावावर काही आलं तर?"

"तुमच्या तोंडानं पाजा. घ्या, मी बूच काढून देते." काढलं अन् शिशी त्यांच्या तोंडापाशी नेली. "प्या की. तुमी कुठं पिणार, देव पिणार."

भाऊजी मागं सरले. मागची माणसं आणखी मागं सरली. शिशी माझ्या हातात, अन् समोर अर्धं गाव, एकबी तोंड उघडंना. मंग भाऊजींनी खाली मान घातली अन् मालकाचं नाव घेऊन रडले. लहानपणी दोघं एका ताटात जेवलेले. मला वाटलं होतं मला राग येईल. आला न्हाई. ते गेल्यावर शिशी उकिरड्यावर रिकामी केली.

आत आले. तो ओसरीत बसला होता, समदं ऐकलं असंल. म्हणला, "सटवाजी कवा येतील?"

"काय काम होतं?"

"काम न्हाई. त्यांच्या घरात बसलोय. येऊन काय म्हणतील."

"काही म्हणणार न्हाईत. बसा."

निम्मं औषध दिलं. गिळलं त्यानं. मंग रस्त्याकडं तोंड करून बसला. माझी चूल पेटायची होती, गुरं पाण्याची राहिली होती. मी त्याच्या शेजारी बसले. अंधार पडेपतोर आमी दोघं रस्त्याकडं पाहत होतो.